नेच्याचं सूप, नेच्याची गोळी: पानामागची रसायनं आणि त्यांचा खरा हिशोब

तमिळनाडूत कोल्ली हिल्स आणि येरकाडच्या रस्त्याकडेला तपकिरी लव असलेली एक जाडसर मुळी विकायला असते. वरची लव खरवडून काढतात, आतल्या गराचे तुकडे करतात आणि मिरी, जिरं, लसूण, छोटे कांदे यांच्याबरोबर ठेचून उकळतात. झालं ‘मुडवाट्टुकाल’ सूप. रीलवाल्यांनी याचं बारसं ‘व्हेज पाया’ असं केलंय. गुडघेदुखी पळाली, झिजलेलं हाड भरून आलं, कॅल्शियम वाढलं, असे दावे जोडून तो व्हिडिओ आता मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही पोहोचलाय.

दुसरीकडे शहरातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे वांगासाठी गेलेल्या बाईंच्या चिठ्ठीवर क्रीमच्या खाली एक गोळीही असते. केमिस्ट सांगतो, ‘उन्हाची गोळी आहे, सकाळी घ्या.’

सूप आणि गोळी, दोन्ही नेच्यापासून, म्हणजे आपण ज्याला फर्न म्हणतो त्यापासून. फक्त नेचे दोन वेगळे आहेत आणि त्यांच्यामागचा पुरावाही फार वेगळा आहे. त्याच नेच्यांच्या गोतावळ्यात एक असा आहे जो खाऊन गुरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो. त्यामुळे ‘नेचा आरोग्याला चांगला का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्यानं कुठला नेचा ते आधी विचारलेलं नसतं.

नेचा म्हणजे नेमकं कोण?

फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात, त्यात धुळीसारखी बारीक बीजुकं असतात, आणि त्यांच्यापासून पुढची पिढी. नवीन पान उगवतं ते गोगलगायीच्या शंखासारखं गुंडाळलेलं, आणि हळूहळू उलगडत जातं. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात दरडीवर, झाडाच्या बुंध्यावर, देवळामागच्या ओल्या भिंतीवर हे सगळं बघायला मिळतं.

जगात नेच्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती आहेत आणि हा वंश ३५ कोटी वर्षांहून जुना आहे. फुलझाडं पृथ्वीवर आली त्याच्या कितीतरी आधीपासून नेचे होते. इतक्या जुन्या आणि पसरलेल्या कुळात सगळ्यांची रसायनं सारखी असतील ही अपेक्षाच चुकीची. ‘नेच्यात अमुक गुण असतो’ हे वाक्य ‘प्राण्यांचं मांस पचायला हलकं असतं’ याच्याइतकंच मोघम आहे.

नेचा ही रसायनं बनवतो तरी कशाला?

आपल्यासाठी नाही, हे आधी स्पष्ट करू. वनस्पती जगण्या-वाढण्यासाठी जे बनवतात (साखर, प्रथिनं, तेल) त्याखेरीज आणखी हजारो पदार्थ बनवतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘दुय्यम चयापचयजन्य पदार्थ’ म्हणतात. आपण सरळ संरक्षक रसायनं म्हणू. किडीनं खाऊ नये, बुरशीनं पोखरू नये, कडक उन्हानं पान करपू नये, यासाठी ती असतात. फुलझाड निदान फळाच्या रूपात प्राण्यांना काही देऊ करतं. नेच्याकडे कोणाला बोलवायचं कारणच नाही. त्याच्या पानात जे आहे ते बहुतेक ‘दूर राहा’ म्हणण्यासाठीच आहे.

याचा एक चतुर नमुना बघा. किडीची अळी वाढताना कात टाकते. ती कधी टाकायची हे ठरवणारं तिच्या शरीरात एक संप्रेरक असतं. काही नेचे हेच संप्रेरक स्वतःच्या पानात आणि खोडात बनवून ठेवतात. अळीनं ते खाल्लं की तिचं कात टाकायचं वेळापत्रक कोलमडतं. या गटातलं एक्डिस्टेरॉन नावाचं रसायन आज व्यायामशाळांमध्ये ‘नैसर्गिक’ बॉडीबिल्डिंग पूरक म्हणून विकलं जातं. ते पालकातही असतं, आणि विकायचा माल बहुधा नेच्यांतून नव्हे, इतर वनस्पतींतून काढलेला असतो. जर्मनीत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांचे स्नायू त्यानं वाढल्याचं दिसलं. २०२० पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे ‘वाडा’नं, त्याला निरीक्षणाखालच्या पदार्थांत घातलं. त्याच अभ्यासात बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये लेबलावर लिहिल्यापेक्षा कितीतरी कमी माल निघाला, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

आपल्याकडचं उदाहरण लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचं. तिथल्या शास्त्रज्ञांनी टेक्टेरिया नावाच्या नेच्यात पांढऱ्या माशीला मारणारं एक प्रथिन शोधलं, त्याचं जनुक कपाशीत घातलं, आणि २०१६ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पांढरी माशी कपाशीचं काय करते हे विदर्भ-खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. हा सगळा खटाटोप माणसाच्या तब्येतीसाठी नाही, पण नेच्यातली रसायनं जोरदार असतात हे त्यातून कळतं. जोरदार रसायनापासून औषध मिळू शकतं तसं विषही मिळू शकतं.

‘अँटिऑक्सिडंट भरपूर’ याचा अर्थ काय?

नेच्यावरच्या बहुतेक शोधनिबंधांत हा शब्द भेटतो, आणि तिथून तो थेट पाकिटावर उतरतो. म्हणून ही तपासणी करतात कशी ते जवळून पाहू.

डीपीपीएच नावाची एक पूड मद्यार्कात विरघळवली की गडद जांभळं द्रावण तयार होतं. त्यात वनस्पतीचा अर्क थेंब-थेंब टाकतात आणि अर्धा तास अंधारात ठेवतात. अर्कात ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ असतील तर जांभळा रंग उतरत जातो, शेवटी फिकट पिवळा होतो. रंग किती उतरला हे यंत्रावर मोजायचं, की झाला अभ्यास. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमणारी, स्वस्त आणि उपयोगी चाचणी आहे. पण साधा चहा हा रंग उतरवतो, हळद उतरवते, आवळा तर उतरवतोच. नेच्यानं उतरवला यात नवल काही नाही.

आणि ती बाटली म्हणजे पोट नव्हे. गिळलेल्या पदार्थाचा बराच भाग आतड्यातून रक्तात जातच नाही. जो जातो त्याचं यकृत लगेच रूपांतर करून टाकतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची आणखी मोडतोड करतात. काचेच्या बाटलीतला निकाल म्हणजे नेटमध्ये मारलेले षटकार; धावफलकावर त्यातली एकही धाव लागत नाही. त्यानंतर उंदरांवरचे प्रयोग असतात, ते फार तर सराव सामने. आणि मग माणसांवरच्या चाचण्या, ज्यात काहींना खरी गोळी आणि काहींना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी देतात आणि कोणाला काय दिलं हे शेवटपर्यंत कोणालाच सांगत नाहीत. नेच्यांच्या बाबतीत इथपर्यंत पोहोचलेले फार थोडे आहेत.

गुडघ्यांचं सूप

आता त्या तपकिरी मुळीकडे येऊ. ती ज्या नेच्याची आहे तो आपल्या सह्याद्रीतही मुबलक आहे. कोकणात आणि घाटावर त्याला बाशिंग किंवा वांदरबाशिंग म्हणतात, संस्कृत ग्रंथांवरून आलेलं नाव अश्वकात्री. आंब्याच्या, फणसाच्या जुन्या झाडावर किंवा कातळावर तो बसलेला असतो. त्याला दोन प्रकारची पानं असतात. एक लांब, हिरवी, खाचा असलेली, जी उन्हाळ्यात गळतात. दुसरी आखूड, वाळकी, खोडाला चिकटलेली, ज्यांत पालापाचोळा अडकून त्याचं खत होतं. त्यांच्यामधून सरपटत जाणारं लवदार खोड म्हणजे ती मुळी. नीट बोलायचं तर ते मूळ नाहीच, आडवं खोड आहे.

त्यात काय सापडलंय? नॅरिंजिन नावाचं फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतीतल्या रंग-चवीच्या पदार्थांपैकी एक. पपनसाला जो कडवटपणा असतो तो याचाच. शिवाय फ्रीडेलिन, बीटा-सिटोस्टेरॉल असे काही पदार्थ, जे इतर अनेक झाडांतही असतात. उंदरांना हा अर्क दिल्यावर सूज आणि वेदना कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत. चीनमध्ये याच्याच एका भावंडाचं खोड हाड मोडल्यावर देण्याची जुनी परंपरा आहे आणि त्यातलं नॅरिंजिन हाडाच्या पेशींवर काय करतं यावर तिकडे बरंच काम झालंय.

म्हणजे अगदीच हवेतला दावा नाही. पण गुडघ्याच्या झिजेनं त्रासलेल्या माणसांना हे सूप काही महिने देऊन, न देणाऱ्यांशी तुलना करून, खात्रीचा फरक दाखवणारा पुरावा नाही. उंदराला दिलेला अर्क आणि सूपच्या वाटीत उतरणारा अंश यांचं प्रमाणही सारखं नसतं. सूप प्यायल्यावर बरं वाटतं हे खोटं नाही. गरमागरम, मिरी-लसणाचं काहीही पावसात प्यायलं तर बरंच वाटतं. कॅल्शियमसाठी मात्र कोणी ते पीत असेल तर १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ती मिळवायला झाडावर चढावं लागत नाही.

हौसेखातर एखाद्या वेळी कोल्ली हिल्सला गेल्यावर ते सूप पिण्यात मला काही गैर दिसत नाही. पण संधिवाताच्या गोळ्या बंद करून त्याच्यावर विसंबणं हा वेगळा मामला आहे. संधिवातात, विशेषतः आमवातात, उपचाराविना गेलेल्या महिन्यांत सांध्याची जी हानी होते ती नंतर भरून येत नाही.

उन्हाची गोळी

ही कथा मध्य अमेरिकेतून सुरू होते. तिथे कालाग्वाला नावानं ओळखला जाणारा एक नेचा अंगावरच्या सुजेसाठी, त्वचेच्या तक्रारींसाठी वापरत. स्पेनमधल्या संशोधकांनी त्याचा अर्क घेऊन काम सुरू केलं. त्यात कॅफेइक आम्ल, फेरुलिक आम्ल असे पदार्थ आहेत. यातलं कॅफेइक आम्ल कॉफीतही असतं आणि कॅफिनशी त्याचा संबंध नाही. नेचा स्वतः यांचा उपयोग उन्हापासून पान वाचवायला करतो, त्यामुळे ‘माणसाच्या कातडीला उपयोग होईल का’ हा प्रश्न रास्त होता.

२००४ च्या एका चाचणीत नऊ निरोगी माणसांच्या अंगावर छोट्या चौकोनांत अतिनील किरण पाडले, एकदा अर्क न देता आणि एकदा अर्क देऊन. अर्क दिल्यावर त्वचा कमी लाल झाली आणि त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा करपलेल्या पेशीही कमी होत्या. नऊच माणसं, तीही गोरी. पुढे आणखी काही छोट्या चाचण्यांत हाच कल दिसला. परिणाम आहे, पण तो बेताचा आहे. चांगल्या सनस्क्रीनच्या थराची बरोबरी ही गोळी करत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं गोळ्यांना सनस्क्रीनचा पर्याय म्हणून विकणाऱ्या काही कंपन्यांना जाहीर तंबी दिली होती, ती याचसाठी.

आणि वांगाचं काय? २०१३ मध्ये अमेरिकेत ४० स्त्रियांवर १२ आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, आणि सनस्क्रीन सगळ्यांना. दोन्ही गटांचे डाग फिके झाले आणि दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे काम बहुधा सनस्क्रीननं केलं होतं. २०१८ मध्ये सिंगापूरमधल्या एका छोट्या चाचणीत मात्र क्रीम आणि सनस्क्रीनच्या जोडीला गोळी घेणाऱ्यांना थोडा जास्त फायदा दिसला. आपल्या त्वचेच्या रंगाला सिंगापूरची माणसं जवळची, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर ती लिहितात त्याला अगदीच आधार नाही असं नाही. खिशाला परवडत असेल आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर घ्यावी. छत्री, टोपी आणि क्रीम यांच्यावरचा खर्च वाचवून ती घेण्यात अर्थ नाही.

राजानं विकत घेतलेलं औषध

नेच्यापासून खणखणीत गुणकारी औषध कधी मिळालंच नाही का? मिळालं, आणि दीडेकशे वर्षांहून जास्त काळ ते युरोपातल्या औषधपेट्यांत होतं.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या मुर्टेन गावी नूफर आडनावाची एका शल्यवैद्याची विधवा राहत असे. पट्टकृमी, म्हणजे आतड्यात मीटर-मीटर लांब वाढणारा चपटा जंत, पाडणारं गुप्त औषध तिच्याकडे होतं. फ्रान्सचा राजा सोळावा लुई यानं १७७५ मध्ये ते गुपित १८ हजार लिव्ह्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजून विकत घेतलं आणि लोकांसाठी खुलं केलं. गुपित काय निघालं? ‘नर नेचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या खोडाची पूड आणि नंतर कडक जुलाब. गंमत म्हणजे हा उपाय प्राचीन ग्रीक वैद्यांना ठाऊकच होता. राजानं पैसे मोजले ते पोथीत आधीच असलेल्या गोष्टीसाठी.

त्यातलं रसायन पट्टकृमीचे स्नायू लुळे पाडतं. पकड सुटते, आणि जुलाबाबरोबर तो बाहेर पडतो. पण हेच रसायन रक्तात गेलं तर माणसाच्या डोळ्यांच्या मज्जातंतूला इजा करतं. या औषधानं काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली, यकृत बिघडलं, काही दगावले. जंत मारणारी मात्रा आणि माणसाला बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं होतं.

इथे एक बारीक पण जिवावर बेतणारी गोष्ट होती. जुलाबासाठी एरंडेल द्यायचं नाही, असा डॉक्टरांना सक्त इशारा असे. हे रसायन तेलात विरघळतं, आणि तेलाबरोबर दिलं की आतड्यातून जास्त शोषलं जातं. म्हणून जुलाब क्षाराचाच. ‘नैसर्गिक आहे, वर थोडं एरंडेल घेतलं तर कुठे बिघडतं’ असं वाटून घेणाऱ्याचे डोळे जाऊ शकत होते. विसाव्या शतकात निक्लोसामाइड, प्राझिक्वांटेल ही जंतांवरची सुरक्षित औषधं आली आणि नर नेचा औषधांच्या यादीतून उतरला.

ज्या नेच्यानं गायींना कर्करोग होतो

ब्रॅकन नावाचा नेचा जवळजवळ जगभर उगवतो. उघड्या माळावर, जळालेल्या किंवा तोडलेल्या जंगलाच्या जागी तो कंबरभर उंच वाढतो. हिमालयाच्या उतारांवर भरपूर, निलगिरीत आहे, महाबळेश्वरच्या बाजूलाही आहे.

चारा कमी पडला की गुरं तो खातात. फार खाल्ला तर अस्थिमज्जा बंद पडून अंगभर रक्तस्राव होतो. थोडा-थोडा वर्षानुवर्षं खाल्ला तर लघवीतून रक्त जायला लागतं, आणि मूत्राशय तपासलं तर गाठी असतात. हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीमकडच्या पशुवैद्यांना हा आजार चांगला माहीत आहे. घोड्याची तऱ्हा निराळी. ब्रॅकनमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं एक विकर असतं. गायीच्या पोटातले जिवाणू तिला ते जीवनसत्त्व तयार करून देतात, घोड्याला ती सोय तितकी नाही, म्हणून तो लडखडायला लागतो.

वेल्समध्ये १९६५ साली उंदरांना ब्रॅकन खाऊ घालून त्यांना गाठी होतात हे दाखवलं गेलं. पण नेमकं कुठलं रसायन, याचा छडा लागायला १९८३ उजाडावं लागलं. जपान आणि नेदरलंड्समधल्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी ते वेगळं काढलं. नाव टाक्विलोसाइड. शरीरात त्याचा एक तुकडा गळून पडतो आणि उरलेला भाग थेट डीएनएला जाऊन चिकटतो. ही क्रिया अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या द्रवात जास्त टिकून चालते, आणि चारा खाणाऱ्या गुरांचं मूत्र अल्कधर्मी असतं. गाठी मूत्राशयातच का होतात याचं एक कारण त्यात सापडतं.

हे रसायन गायीच्या दुधातही उतरतं. कोस्टा रिका आणि व्हेनेझुएलात ब्रॅकनच्या डोंगरांवर चरणाऱ्या गायींचं दूध पिणाऱ्या भागांत पोटाचा कर्करोग जास्त आढळला, त्यामुळे संशय बळावला. माणसांच्या बाबतीत कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की मारलेली नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ब्रॅकनला ‘कर्करोग होण्याची शक्यता असलेला’ अशा २ब गटात ठेवलंय.

‘पण लोक तर पिढ्यान्‌पिढ्या खात आलेत!’

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं.

आसामात ढेकिया, हिमाचलात लिंगडी, सिक्कीम-दार्जिलिंगकडे निंग्रो, कोडगूत थेर्मे: या सगळ्या नेच्याच्या कोवळ्या गुंडाळलेल्या कोंबांच्या भाज्या आहेत. आवडीनं खातात, लोणचं घालतात, निंग्रो तर छुर्पीच्या चीजबरोबर फार छान लागतो. यातली मुख्य जात ब्रॅकन नव्हे. ती ओढ्याकाठी वाढणारी वेगळी जात आहे. खाणारा माणूस ती बरोबर ओळखतो, फक्त कोवळा कोंब घेतो, ठरावीक दिवसांतच तोडतो आणि चांगली शिजवतो. अमेरिका-कॅनडात शहामृगाच्या पिसासारखा दिसणारा नेचा असाच खातात, आणि त्याच्या कोंबांत माशाच्या तेलात असतं तसलं ओमेगा-३ मेदाम्लही सापडलंय, जे जमिनीवरच्या भाज्यांत सहसा नसतं. पण १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात हेच कोंब अर्धेकच्चे खाऊन अनेकांना उलट्या-जुलाब झाले. तेव्हापासून कॅनडाचं आरोग्य खातं सांगतं: १५ मिनिटं उकळा किंवा १० ते १२ मिनिटं वाफवा, आणि ते पाणी फेकून द्या. ‘सगळं सत्त्व पाण्यात जातं’ म्हणून ते पाणी पिणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

जपानात खुद्द ब्रॅकन खातात. पण राखेच्या किंवा खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात तो रात्रभर भिजवून मग. अल्कधर्मी पाण्यात टाक्विलोसाइड मोडतं आणि बरंचसं निघून जातं. रसायनाचं नाव कळण्याच्या शेकडो वर्षं आधी तिथल्या बायकांनी ही युक्ती बसवली होती. परंपरेला मान द्यायचाच तर पूर्ण कृतीला द्यावा. कोंब घ्यायचा आणि राख विसरायची, असं चालत नाही.

आणि परंपरेलाही एक मर्यादा आहे. जे खाऊन तासाभरात उलटी होते ते समाज बरोबर हेरतो आणि टाळतो. जे खाऊन तीस वर्षांनी गाठ होते ते कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण मधल्या तीस वर्षांत माणसानं हजार गोष्टी खाल्लेल्या असतात. भिजवून, उकळूनही ब्रॅकनचा धोका शून्य होत नाही, आणि तो भांड्यात दिसत नाही.

‘आयुर्वेदातही आहेत ना नेचे?’

आहेत. हंसपदी, मयूरशिखा ही नावं जुनी आहेत. युनानीत हंसराजाला खोकल्या-कफासाठी परसियावशान म्हणून वापरतात. अडचण औषधाच्या ग्रंथात नाही, बाजारात आहे. मयूरशिखा म्हणून कोणी तो पंख्यासारख्या पानाचा छोटा नेचा देतं, कोणी कोंबडा नावाच्या फुलझाडाचं तुऱ्यासारखं फूल, कोणी तिसरंच काही. वाळवून चुरा केल्यावर ओळखणार कसं? म्हणून वैद्यांकडून, त्यांनी स्वतः ओळखलेली वनस्पती घेणं वेगळं आणि ऑनलाइन पुडी मागवणं वेगळं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, यकृताचा त्रास असलेले आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना न विचारता नेच्याचा कुठलाही अर्क घेऊ नये.

स्मरणशक्तीच्या गोळ्यांत ‘हुपरझिन’ लिहिलेलं दिसलं तर तेही इथलंच, नेच्यांच्या एका दूरच्या नातेवाइकाचं. चिनी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ते वेगळं केलं आणि चीनमध्ये ते अल्झायमरसाठी देतातही. पण २०११ च्या अमेरिकेतल्या २१० रुग्णांच्या चाचणीत ठरवलेल्या मात्रेत त्यानं आकलनशक्तीत फरक पाडला नाही.

मग पावसात आपणच तोडून आणला तर?

नको. ओळख चुकण्याचा धोका आहेच, पण जात बरोबर ओळखली तरी दुसरी एक भानगड आहे.

पुण्या-मुंबईच्या जुन्या विटांच्या भिंतींवर, गटाराच्या कडेला, विहिरीच्या कठड्याला एक नेचा हमखास दिसतो. लांब पान, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्यांसारखी पर्णिका, कंगव्याच्या दातांसारख्या. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांना लाकडावर रासायनिक प्रक्रिया करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात हाच नेचा वाढलेला दिसला. तिथली माती आर्सेनिकनं, म्हणजे सोमलानं, खराब झालेली होती. बाकी झाडं जिथे तग धरेनात तिथे हा मजेत होता. २००१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोमल घातलेल्या मातीत वाढवलेल्या या नेच्याच्या वाळलेल्या पानांत वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त सोमल निघालं. झाड वरून हिरवंगार, टवटवीत. बघून काहीही कळत नाही.

भिंतीवरच्या प्रत्येक नेच्यात इतकं सोमल असतं असा याचा अर्थ नाही. मातीत असेल तरच तो ओढून घेणार. पण आपल्या भिंतीखाली, नाल्याकाठी, जुन्या गोदामाच्या आवारात काय मुरलंय हे आपण तपासलेलं नसतं. या गुणाचा उपयोग दूषित जमीन आणि पाणी स्वच्छ करायला करतात. नेचे लावायचे, वाढू द्यायचे, कापायचे, पुन्हा वाढू द्यायचे. आणि कापलेली ती पानं मग घातक कचरा म्हणून वेगळी काढावी लागतात.